शून्य नापास

बुधवारी सकाळी दात घासताना मी फोन बघितला. वाईट सवय आहे, पण आता ती सोडायची तर दात घासणंच सोडावं लागेल. कुठल्याशा गावच्या बस डेपोतल्या कारकुनाचा निरोप आला होता. माणूस सभ्य असावा, कारण शिव्या न देता त्यानं लिहिलं होतं : ‘तुमचा फलक आमच्या थांब्यावर रविवारी सोमवारच्या गाड्या दाखवतो. गेल्या रविवारी एक म्हाताऱ्या बाई पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. आज गाडी नाही असं मी सांगितलं तर त्यांनी फलकाकडे बोट दाखवलं आणि मलाच खुळ्यात काढलं. सवडीनं बघावं.’ तोंडात फेस घेऊन मी आरशासमोर उभी होते. आपलं चुकलेलं नाही याची मला इतकी खात्री होती की मला त्या कारकुनाचीच कीव आली. त्यानंच काहीतरी उलटसुलट भरलं असणार. लोक काहीही भरतात आणि मग आपल्याला सवडीनं बघायला सांगतात.

हे फलकांचं सॉफ्टवेअर कुणा कंपनीचं नाही. लहान गावांच्या थांब्यांवर पुढची गाडी कधी येणार हे दाखवणाऱ्या पाट्यांसाठी आम्ही काही जण ते आपापल्या घरी बसून लिहितो, आणि ज्याला हवं त्यानं ते उचलावं, फुकट वापरावं, मोडावं, सुधारावं. पोटापाण्याची नोकरी वेगळी, हे वेगळं. माझा मोठा भाऊ, दादा, याला ‘तुझा नसता उद्योग’ म्हणतो. या सॉफ्टवेअरचे सुटे सुटे भाग आहेत, त्यांना मॉड्यूल म्हणतात. एक वेळापत्रक सांभाळतं, एक दिनदर्शिका, म्हणजे आज वार कुठला आणि सुट्टी आहे की नाही, आणि एक फलकावर अक्षरं उमटवतं. प्रत्येकाच्या स्वतःच्या चाचण्या असतात. कुणी कुठं एक ओळ बदलली की त्या आपोआप चालतात आणि सगळं ठीक असलं की हिरवी खूण उमटते. पण आपापल्या जागी ठीक असलेल्यांचं एकमेकांशी जमतं का, हे बघायला निराळ्या चाचण्या लागतात. शुद्ध भाषेत त्यांना एकात्मता चाचण्या म्हणतात. मला तो शब्द भाषणातला वाटायचा, म्हणून मी त्यांना जोडचाचण्या म्हणायला लागले आणि तेच नाव रुळलं. त्या मी लिहिल्या होत्या, आणि रोज हिरव्या येत होत्या. कारकुनाची कीव आली ती त्यामुळं.

चूळ भरून मी टेबलाशी बसले. हिरवी खूण होतीच. तिच्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते. ती कुणी वाचत नाही, हिरवं दिसल्यावर खाली काय वाचायचं? त्या दिवशी मी वाचली ती केवळ कारकुनाच्या उत्तरात चिकटवून त्याला गप्प करावं म्हणून. ‘जोडचाचण्या. चालवल्या : शून्य. नापास : शून्य.’ मला आधी वाटलं, पान अर्धवट उघडलंय. मग आदल्या दिवसाचा अहवाल काढला. शून्य, शून्य. गेल्या महिन्याचा काढला. मागे मागे जात राहिले, नोकरी बदलली त्याच्या आधी, या घरात राहायला आले त्याच्याही आधी, बाबा होते त्या दिवसांत जाऊन पोचले, तिथंही शून्य आणि शून्य. एकही जोडचाचणी कधी चाललीच नव्हती. चालली नव्हती म्हणून नापास झाली नव्हती, आणि नापास झाली नव्हती म्हणून हिरवं होतं. उठून खिडकी उघडली, खाली रस्त्यावर एक माणूस आपली सायकल उलटी करून चाक फिरवून बघत होता. चाक छान फिरत होतं. तरी तो मान हलवत होता, आणि नेमकं बिनसलंय काय हे मला वरून दिसत नव्हतं.

तेवढ्यात दादाचा फोन आला. दादा फोनवर नेहमी घाईत असतो, घाई नसली तरी. ‘‘हं, ऐक. शनिवारी सकाळी सामानाचा टेम्पो येतोय. धाकटीला कळवलंय. तुझी ती मागची खोली रिकामी केलीस ना?’’ मी हो म्हणाले. खोली रिकामी म्हणजे त्यातले खोके मी पलंगाखाली सरकवले होते. शनिवारी आई माझ्याकडे येणार होती. बाबा गेल्यापासून ती त्या भाड्याच्या घरात एकटी होती. आता ते घर सोडायचं आणि आईनं चार-चार महिने आमच्या तिघांकडे राहायचं, आधी माझ्याकडे, मग दादाकडे, मग धाकट्या बहिणीकडे, असं ठरलं होतं. घरमालकांना अजून पक्कं सांगितलं नव्हतं. सामान हललं की दादा त्यांच्या हातात किल्ली देणार होता. ‘‘आईला नीट विचारलंस ना रे?’’ मी म्हणाले. हे मी त्याला यापूर्वीही विचारलं होतं. ‘‘विचारलं की. तिचं काही म्हणणं नाही.’’ ‘‘आणि धाकटी?’’ ‘‘तिचंही काही म्हणणं नाही. तुझं आहे का काही?’’ ‘‘छे, माझं काय म्हणणं असणार,’’ मी म्हणाले, आणि म्हणत असताना माझी नजर पडद्यावरच्या त्या बारीक ओळीवर होती. दादानं ‘‘ठीकाय मग’’ म्हणून फोन ठेवला.

म्हणणं नाही. हा शब्द मी किती वेळा ऐकला असेल, पण त्या सकाळी तो कानात खडा गेल्यासारखा रुतून बसला. आमच्या घरात म्हणणं असायचं ते बाबांचं. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे, दुसऱ्यांच्या चुका काढणं हा त्यांचा पोटाचा धंदाच, आणि तो ते घरी घेऊन यायचे. ‘‘माझं यावर म्हणणं असं आहे,’’ असं म्हणून ते चष्मा कपाळावर चढवायचे की आम्ही तिघं भावंडं एकमेकांना कोपरानं ढोसायचो. पडद्यांच्या रंगावर त्यांचं म्हणणं असायचं, दादाच्या केसांवर, माझ्या लग्नावर, ते मोडलं त्यावरही. आई त्यांच्याशी कडाकडा भांडायची. अगदी शेवटच्या आजारातसुद्धा औषधाची बाटली कुठल्या फळीवर ठेवायची यावर दोघांची जुंपली होती, आणि नर्स दारात थांबून आधी कोण जिंकतंय ते बघत होती. ते गेले आणि घरातून आवाजच गेला. आता आम्ही तिघं एकमेकांशी फार चांगले वागतो. फोन करतो, विचारपूस करतो, कुणाचं काही म्हणणं नसतं. मी त्याला समजूतदारपणा म्हणत आले. बाहेरच्यांना सांगायचे, आमच्यात कधी वाद होत नाहीत हो. बुधवारी दिवसभर नोकरीच्या कामात मी चुका करत राहिले, कारण डोक्यात एकच चाललं होतं : वाद होत नाहीत की काही होतच नाही?

खरं सांगायचं तर मला आई यायला नको होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःला सांगितलं तेही मान दुसरीकडे करून. आई मला आवडत नाही असं नाही. मला तिची भीतीही वाटत नाही. पण मी एकटी राहायला शिकले ते फार कष्टानं शिकले, आणि आता माझ्या घरातल्या शांततेला मी मांजरासारखी सोकावलेय. गेल्या वर्षी आई थोडे दिवस राहून गेली तेव्हा मी तिचं सगळं केलं. वेळेवर चहा, वेळेवर गोळ्या, टीव्हीचा आवाज तिला हवा तेवढा. ती निघाली तेव्हा म्हणाली, ‘‘छान झालं हो सगळं,’’ आणि मी दार लावून भिंतीला टेकून उभी राहिले, कुणीतरी परीक्षेचा पेपर काढून घेतल्यावर वाटतं तसं हलकं वाटलं. लाजही वाटली. मग लाज वाटते म्हणजे आपण बऱ्या आहोत, असंही वाटलं. या सगळ्याचं काय करायचं ते मला कधी कळलं नाही, म्हणून मी खोके पलंगाखाली सरकवले.

चाचण्या का चालत नव्हत्या ते बुधवारीच दुपारी कळलं, आणि कळल्यावर हसू की रडू असं झालं. आमच्यात एक ‘मुंगी’ आहे. खरं नाव माहीत नाही, तिच्या चित्राच्या जागी मुंगी असते म्हणून मुंगी. चाचण्या आपोआप चालवणारी यंत्रणा मुंगीची, चाचण्या माझ्या. मुंगीनं यंत्रणेला सांगून ठेवलं होतं की ज्या फायलींची नावं ‘जोड’नं सुरू होतात त्या सगळ्या चालव. कारण शब्दच तसा आहे, जोडचाचणी, जोडरस्ता, जोडशब्द, जोड पुढे येतो. आणि मी नावं ठेवली होती ‘वेळापत्रक-दिनदर्शिका-जोड’, ‘दिनदर्शिका-फलक-जोड’, कारण माझ्या मते आधी दोघं कोण ते सांगावं आणि मग त्यांची जोड. यंत्रणा रोज सकाळी इमानानं यायची, ‘जोड’नं सुरू होणारं कुणी आहे का बघायची, कुणी नाही म्हटल्यावर तक्रार न करता हिरवी खूण ठेवून जायची. शब्द माझा, आणि तो सगळ्यांना आवडला म्हणून कुणी विचारलं नाही की तो नावाच्या कुठल्या टोकाला लावायचा. मुंगीचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. गुरुवारी मी मुंगीला लिहिलं की यावर बोलायलाच हवं, लिहून भागणार नाही.

मुंगीशी बोलायचं माझ्या जिवावर आलं होतं. आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांना लिहितोय, पण मुंगी बाई की पुरुष हे मला माहीत नव्हतं, आणि आधी विचारायचं राहिलं ते राहिलंच. कामाच्या निरोपांत स्वतःबद्दल कुणी लिहीत नाही, नुसतं ‘दुरुस्त केलंय’, ‘बघावं’. आपल्या भाषेत ही मोठीच पंचाईत. ‘तू आलास का’ लिहायचं की ‘आलीस का’? म्हणून मी ‘तू पाहिलंस का’, ‘तुला जमलं का’, ‘तुझ्याकडून झालं का’ अशाच वाक्यांवर संसार चालवला होता. मुंगीला येता-जाता, उठता-बसता येईल असं एकही वाक्य मी कधी लिहिलं नाही. संध्याकाळी फोन लावला. आवाज आला तो घोगरा, सर्दी झालेला, त्यावरून काही कळेना. ‘‘अगं,’’ मुंगी म्हणाली, मग थांबली. ‘‘अगं म्हणू ना? म्हणजे तू... बाई आहेस?’’ ‘‘आहे की. का?’’ ‘‘मी आपली इतकी वर्षं ‘तुला पटलं का, तुला दिसलं का’ करत बसले! नवऱ्याला म्हणायची, एकदा विचारायला हवं, पण आता विचारलं तर किती वाईट दिसेल.’’ मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. ती पण हसली, खोकली. दोघी एकाच दाराच्या दोन बाजूंना उभ्या राहून समोरच्याची झोपमोड नको म्हणून कडी वाजवत नव्हतो. हसणं ओसरल्यावर मात्र मला उगाच गलबलून आलं.

‘‘नावं बदलून भागणार नाही,’’ मी म्हणाले. ‘‘मला त्या एका जागी आणायच्यात. आत्ता काही वेळापत्रकाच्या मॉड्यूलमध्ये आहेत, काही फलकाच्या. वेळापत्रक आणि दिनदर्शिका दोघांची चाचणी एकाच्याच घरात का?’’ ‘‘कुठंतरी ठेवायलाच हवी ना,’’ मुंगी म्हणाली. ‘‘वेळापत्रकाकडे ठेवलीस तर उद्या दिनदर्शिकेत कुणी बदल केला तर त्याला पत्ता लागत नाही. दिनदर्शिकेकडे ठेवलीस तर उलटं. आणि दोघांकडे ठेवलीस तर दोघंही म्हणतात, तो बघेल की.’’ ‘‘म्हणून वेगळं मॉड्यूल करू,’’ मी म्हणाले. ‘‘त्यात बाकी काही नाही, नुसत्या जोडचाचण्या. सगळ्यांचं सगळं तयार झालं की शेवटी त्यांचा नंबर.’’ मुंगी म्हणाली, ‘‘कर. पण सांगून ठेवते, वेगळं घर बांधायला सगळे येतात. त्याचा केर काढायला कोण येणार? कुणाच्याच नसलेल्या घरात कुणीच जात नाही गं.’’ मी म्हणाले, मी जाईन. ती म्हणाली, बघ हं. आणि मग, फोन ठेवता ठेवता, ‘‘आणखी एक करते. काही सापडलं नाही तर हिरवं दाखवायचं नाही, असं यंत्रणेला सांगून ठेवते. शून्य सापडले तर लाल. मुळात तसंच असायला हवं होतं.’’ मी बरं म्हणाले, पण माझं लक्ष तिच्या केराच्या वाक्यातच अडकलं होतं. ती सॉफ्टवेअरचंच बोलत होती. मला मात्र सारखी ती मागची खोली दिसत होती आणि तिच्यात पलंगावर सरळ बसलेली आई.

शुक्रवारी मी रजा टाकली आणि चाचण्या हलवल्या. हलवताना त्या वाचाव्या लागल्या. स्वतःचं जुनं लिखाण वाचणं म्हणजे जुन्या फोटोत आपल्या केसांकडे बघणं. चाचणीसाठी खोटे थांबे लागतात, खोट्या गाड्या लागतात, आणि तेव्हा मला सुचली ती घरचीच नावं. ‘आई’ नावाचा एक थांबा होता. ‘दादा’ होता, ‘धाकटी’ होता, मी स्वतः नव्हते. एका चाचणीत लिहिलं होतं : रविवारी आईहून दादाकडे जाणारी गाडी असते, सोमवारी नसते. तेव्हा खरंच दर रविवारी आई-बाबा दादाकडे जायचे. वहिनीशी आईचं बिनसायचं, बाबा आपलं म्हणणं मांडायचे, आणि संध्याकाळी दोघं तणतणत परत यायची, पुढच्या रविवारी पुन्हा जायची. आणखी एका चाचणीत धाकटीहून आईकडे गाडी होती आणि ती कुठल्याच वारी चुकत नव्हती. मी ते वाचत बसले. बाहेर ऊन सरकत टेबलावर आलं, चहा गार झाला. मला आठवेना की माझं नाव मी का घातलं नाही. विसरले असेन, किंवा तेव्हा वाटलं असेल की लिहिणाऱ्यानं त्यात असायचं नसतं.

सगळं एका जागी आणून दुपारी चालवलं आणि पडदा लालेलाल झाला. एखाददुसरी नाही, बहुतेक सगळ्याच चाचण्या नापास. कारकुनाची चूक मात्र लगेच सापडली. दिनदर्शिका आठवडा रविवारपासून मोजते, हल्लीच जोडलेलं नवं सुट्टीचं वेळापत्रक सोमवारपासून. एकीचा पहिला दिवस रविवार, दुसऱ्याचा पहिला दिवस सोमवार, दोघं आपापल्या घरात बरोबर, आणि एकमेकांना भेटले की रविवारच्या दिवशी सोमवारच्या गाड्या. ती बाई पिशवी घेऊन बसली होती ती या दोन बरोबरांच्या मधे. मी कारकुनाला लिहिलं, चूक आमची आहे, दुरुस्त करतोय, त्या बाईंना सांगा. पण बाकीच्या लालांचं काय करायचं ते समजेना. त्यातल्या काही खऱ्या चुका होत्या, काही चाचण्याच जुन्या झाल्या होत्या. आता त्या गाड्या नाहीत, तसे थांबे नाहीत, जग पुढे गेलं आणि चाचणी अजून जुन्या रविवारी अडून बसलीय. काही बाबतीत तर मला ठरवताच येईना की चूक कुणाची, आत्ता जे चाललंय त्याची की मी तेव्हा जे गृहीत धरलं त्याची. एका वेळी एकच लाल आलं असतं तर त्याच्याशी बोलता आलं असतं. इतक्या वर्षांचं एकदम आल्यावर कुणाशी बोलायचं? मुंगीनं लिहिलं, ‘घाबरू नकोस, आज निदान ती बोलायला तरी लागलीयेत.’ आणि खाली, पहिल्यांदाच, ‘तू जेवलीस का?’ मी त्या ‘जेवलीस’कडे बराच वेळ बघत राहिले.

शनिवारी सकाळी आईच्या घरी पोचले तेव्हा टेम्पो खाली लागला होता आणि टेम्पोवाला चाकाला पाय लावून फोनवर कुणाला तरी झापत होता. वर दाराला पाचर लावून ते उघडं ठेवलं होतं. दादा खुर्च्या एकात एक घालून दोरीनं बांधत होता, धाकटी स्वयंपाकघरातली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. गाद्या गुंडाळून भिंतीशी उभ्या-आडव्या टाकल्या होत्या. बाबा गेल्यानंतर आम्ही तिघं आणि आई असे एका खोलीत एका वेळी प्रथमच जमलो होतो, हे माझ्या ध्यानात आलं ते तिथं उभं राहिल्यावर. एरवी एक जण गेला की दुसरा यायचा, फोन तर एकेकालाच करतात. आई खिडकीशी उभी होती. तिनं बाहेर जायची साडी नेसली होती, केस नीट बांधले होते. ‘‘आलीस? चहा राहिलाय थोडा, पण कप बांधले गं हिनं,’’ ती म्हणाली. धाकटी म्हणाली, ‘‘एक सोडते की.’’ आई म्हणाली, ‘‘नको, असू दे.’’ सगळे इतके गोड बोलत होते की मला गुदमरायला लागलं.

‘‘दादा,’’ मी म्हणाले, ‘‘हे चार-चार महिन्यांचं मुळात कुणी काढलं?’’ दादाची गाठ सुटली. ‘‘म्हणजे काय? तुम्हा दोघींचंच ना. धाकटी म्हणाली, तुला आईला न्यायचंय, मग मी म्हटलं, बरोबर आहे, सगळ्यांनी वाटून घेऊ.’’ धाकटी भांडं हातात घेऊन बाहेर आली. ‘‘मी कुठं तसं म्हणाले? तूच मला म्हणालास की ताईची खोली रिकामी आहे, ती विचारत होती. मला वाटलं, दादाला एकट्यावर नकोय, तर मी पण हो म्हटलं.’’ ‘‘मी विचारत नव्हते,’’ मी म्हणाले. ‘‘दादा, तू मला विचारलंस की खोली रिकामी आहे का. मी आहे म्हणाले.’’ ‘‘मग तेव्हाच बोलायचं!’’ दादाचा आवाज चढला. ‘‘आता टेम्पो खाली उभाय!’’ ‘‘तू विचारायचं होतंस!’’ मी म्हणाले. ‘‘मी प्रत्येकाला विचारलं! तुमचं काही म्हणणं नव्हतं!’’ धाकटीनं भांडं खाली ठेवलं ते आदळलंच. तिघंही बोलायला लागलो, एकाच वेळी, कुणाचं कुणाला ऐकू जाईना. मला कळेना मी कशावर चिडलेय, पण चिडले होते, आणि खूप दिवसांनी घशाला आवाज असल्यासारखं वाटत होतं. मग मी वळले आणि आईला म्हणाले, ‘‘आई, तूच सांग. तुला हे हवंय का? आणि म्हणणं नाही असं म्हणू नकोस.’’

आईनं पदर खांद्यावर नीट केला. मला मनातून वाटत होतं की आता ती म्हणेल, मला इथंच राहू दे, आणि आपण प्रश्न विचारणाऱ्या ठरू, शहाण्या, धीट. ‘‘इथं मला आता राहवत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘भिंती खायला उठतात. दादाकडे मी जाईन. तुझी वहिनी मला बोलते, मी तिला बोलते, दिवस जातो. धाकटीकडे जाईन. ती मला ओरडते, नळ नीट बंद कर म्हणून, पण तिची पोरगी अंगावर पडून झोपते. तुझ्याकडे नको.’’ ती माझ्याकडे वळली. ‘‘तुझं काही चुकत नाही गं,’’ ती म्हणाली, आणि ते तिनं इतक्या मायेनं म्हटलं की ते जास्त लागलं. ‘‘सगळं वेळेवर देतेस. एक शब्द वावगा नाही. मी टीव्ही मोठा केला तरी तू काही म्हणत नाहीस, मी भात करपवला तरी काही म्हणत नाहीस. मागे आले होते ना, चौथ्या दिवशी मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. मला वाटायला लागलं, मी आहे का नाही इथं? मी मेलेय आणि ही आपली माझ्या फोटोला चहा ठेवतेय.’’

दादा दोरी हातात धरून जमिनीकडे बघत होता. धाकटीनं माझ्या दंडाला हात लावला तो मी झटकला, मग झटकला म्हणून वाईट वाटलं. मला सुटल्यासारखं वाटत होतं आणि कुणीतरी घराबाहेर काढल्यासारखंही, आणि यातलं खरं कुठलं ते मला निवडता येईना. आई माझ्याकडे बघत होती, मी नेहमीसारखं ‘बरं आई, तुला वाटेल तसं’ म्हणेन म्हणून. ते ओठांपर्यंत आलंही होतं. खालून टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. ‘‘मलाही तू यायला नको होतीस,’’ मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण असा मी कधी ऐकला नव्हता. ‘‘मी तोंडानं हो म्हणाले. मला नको होतीस, आई.’’ धाकटी ‘‘ताई!’’ म्हणून ओरडली.

आईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला वाटलं ती आता रडेल, आणि मी मुठी घट्ट आवळून उभी राहिले. पण ती सावकाश चालत आली, अगदी जवळ, माझ्या तोंडाकडे बघत, दार उघडल्यावर कोण आलंय हे ओळखायला माणूस बघतं तसं. ‘‘दादा,’’ ती मान न वळवता म्हणाली, ‘‘त्या माणसाला म्हणावं, जरा थांब.’’ दादा जिना उतरून गेला. खुर्च्या सगळ्या बांधलेल्या होत्या. आई एका गुंडाळलेल्या गादीवर टेकली, तिनं शेजारची जागा हातानं थोपटली आणि मला म्हणाली, ‘‘बस. आता सांग, का नको?’’

मी बसले.